मत दिलं, वकीलपत्र घेतलं नाही

वाचकाचं पत्र

ताई,

आम्ही २०२२ पासून इंग्लंडमध्ये आहोत, लंडनच्या एका उपनगरात भाड्याने राहतो. स्किल्ड वर्कर व्हिसा माझा आहे, नवरा डिपेंडंट म्हणून आला, आता तोही नोकरी करतो. पासपोर्ट भारतीयच आहे. तरी राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून आपल्याला इथे मतदान करता येतं हे कळल्यावर जुलै २०२४ मध्ये हौसेने जाऊन मत दिलं. लेबरला. माझे वडील आयुष्यभर युनियनमध्ये होते, त्यामुळे दुसरा विचारही मनात आला नाही.

माझे मोठे दीर बऱ्याच वर्षांपासून इथले नागरिक आहेत आणि पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह. घरी जमलो की भावजींचा ठरलेला टोमणा असतो, ‘काय मग, तुमच्या लेबरने काय दिवे लावले?’ मी तावातावाने बाजू मांडते. पण आता माझंच अवसान गळालंय. पाच वर्षांनी मिळणारं आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, दहा वर्षांवर जाणार म्हणतात, आणि आमची पाच वर्षं पुढच्या वर्षी पुरी होतायत. नवऱ्याला हर्नियासाठी जीपीने (फॅमिली डॉक्टरने) रेफर करून सात महिने झाले. एक स्कॅन झाला, पुढे सामसूम. कर वाढवणार नाही म्हणाले होते, पण पगारवाढ मिळूनही हातात काही उरत नाही.

मला फसवलं का? भावजींना काय सांगू? आणि मे महिन्यात बरोच्या, म्हणजे आमच्या स्थानिक पालिकेच्या, निवडणुका आहेत, तेव्हा काय करू?

— एक वाचक

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

सगळ्यात जास्त टोचलेलं आधी घेऊ. आयएलआर.

लेबरचा, म्हणजे मजूर पक्षाचा, जाहीरनामा १३ जून २०२४ रोजी मँचेस्टरमध्ये प्रसिद्ध झाला. निव्वळ स्थलांतर कमी करू, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ‘पाचाची दहा वर्षं करू’ हे मात्र कुठेच नव्हतं. ते आलं १२ मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेतून, आणि नोव्हेंबरात गृहमंत्री शबाना महमूद यांनी त्याचा सविस्तर आराखडा मांडला. तुम्ही जाहीरनामा वाचला नव्हता असं मी धरून चालते, कारण कुणीच वाचत नाही. वाचला असता तर दिसलं असतं, की तुम्ही ज्या पक्षाला मत देत होता तो तुमच्यासारख्यांची आवक कमी करण्याचं आश्वासन इतर मतदारांना देत होता. म्हणजे इथे तुम्हाला चटका बसलाय तो वचन मोडल्यामुळे नाही. दुसऱ्या कुणाला दिलेलं वचन पाळताना तुम्ही मध्ये आलात.

हे ऐकायला कडू आहे, पण यातून तुमच्या तक्रारीला नेमका आकार येतो. ‘लेबरने शब्द फिरवला’ असं म्हणालात तर भावजी हसतील आणि त्यांचं हसणं बरोबर असेल. निव्वळ स्थलांतर जून २०२५ पर्यंतच्या वर्षात २,०४,००० वर आलं. त्याआधीच्या वर्षात ते ६,४९,००० होतं. सरकार हा आकडा मिरवतं. खरं तर त्यातली बरीच घट २०२४ च्या सुरुवातीला कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारनेच लावलेल्या चापाची आहे: विद्यार्थ्यांच्या आणि केअर वर्करच्या कुटुंबीयांवर बंदी, पगाराची अट वर. पण वचन खात्यावर जमा झालं ते यांच्या.

तुमची खरी तक्रार वेगळी आहे आणि जास्त भक्कम आहे. ती म्हणजे अर्ध्या वाटेवर नियम बदलणं. तुम्ही आलात तेव्हा पाच वर्षांचा हिशेब मांडून आलात. नव्याने येणाऱ्यांना दहा वर्षं लावणं हा धोरणाचा भाग झाला. आधीच आलेल्यांना लावणं हा न्यायाचा प्रश्न आहे. आणि हे पहिल्यांदा घडत नाहीये. २००६ मध्येही सरकार मजूर पक्षाचंच होतं. तेव्हा कायम वास्तव्यासाठीची मुदत चार वर्षांवरून पाच केली आणि ‘हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम’चे नियमही मध्येच बदलले. त्या योजनेवर आलेले लोक, ज्यांत भारतीय खूप होते, संघटना करून कोर्टात गेले. २००८ आणि २००९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भावजी तेव्हा इथे असतील तर त्यांना आठवत असेल. या निकालावर फार विसंबू नका, कारण त्या योजनेच्या कागदपत्रांत सरकारने काय लिहून दिलं होतं यावर तो उभा होता आणि तुमच्या व्हिसाचे कागद वेगळे आहेत. पण ‘नियम बदलला, आता काय करणार’ असं म्हणून गप्प बसायचं कारण नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

आता करांबद्दल. इथे मात्र तुमच्या मनातला संशय खरा आहे.

जाहीरनाम्याचं म्हणणं असं होतं की काम करणाऱ्या माणसांवर कर वाढवणार नाही, म्हणून नॅशनल इन्शुरन्स (पगारावर कापलं जाणारं सामाजिक विम्याचं अंशदान), प्राप्तिकराचे दर आणि व्हॅट यांना हात लावणार नाही. वाक्याची रचना नीट बघा. दुसरा भाग काटेकोर आहे, करांच्या नावांसकट. पहिला भाग भावनेला हात घालणारा आहे. लोकांच्या लक्षात पहिला राहतो, सरकार बोट ठेवतं दुसऱ्यावर. ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी मालकांनी भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के केला आणि तो जिथून सुरू होतो ती वार्षिक पगाराची मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आणली. सरकारचं म्हणणं: आम्ही कामगाराच्या भागाला हात लावला नाही. पण जाहीरनाम्यात ‘फक्त कामगाराचा’ असं कुठे लिहिलं होतं? शिवाय सरकारसाठी स्वतंत्रपणे आर्थिक अंदाज बांधणाऱ्या ओबीआरनेच सांगितलं, की या बोज्याचा मोठा भाग शेवटी कमी पगारवाढीच्या रूपाने कामगारांवरच येईल.

तुमच्या पगाराच्या स्लिपमधलं कोडं यापेक्षाही जुनं आहे. पहिले १२,५७० पौंड करमुक्त आणि ५०,२७० च्या वर चाळीस टक्के, या रेघा २०२१ पासून आहेत तिथेच आहेत. महागाईबरोबर पगार वाढतो, रेघ हलत नाही, म्हणून वाढीचा मोठा हिस्सा करात जातो. त्या गोठवल्या कॉन्झर्व्हेटिव्हांनी, २०२८ पर्यंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रीव्ह्ज यांनी भर सभागृहात सांगितलं, की हे गोठवणं पुढे नेलं तर काम करणाऱ्या माणसांचं नुकसान होईल, म्हणून मी ते नेणार नाही. २६ नोव्हेंबर २०२५ ला त्यांनीच ते २०३१ पर्यंत नेलं. दर वाढवला नाही, हे खरं. म्हणजे जाहीरनाम्याचं अक्षर कसंबसं शाबूत आहे. पण स्वतःच्या तोंडाने ‘यात काम करणाऱ्यांचं नुकसान आहे’ म्हणून मग तेच करणं, याला मी तरी वचन पाळणं म्हणणार नाही. इथे भावजींना एक गुण देऊन टाका. फक्त रेघा मुळात कुणी गोठवल्या हे सांगून अर्धा परत घ्या.

नवऱ्याच्या ऑपरेशनचं प्रकरण मला या सगळ्यात जास्त बोलकं वाटतं, कारण आश्वासनाचा आकडा आणि माणसाचा अनुभव यांत फट कशी पडते ते त्यात दिसतं. पक्षाचं आश्वासन होतं, एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) आठवड्याला ४०,००० जादा अपॉइंटमेंट. वर्षाला वीस लाख. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की हे लक्ष्य मुदतीच्या आधीच गाठलं. खोटं नाही. पण त्या वीस लाखांत ओपीडीची भेट येते, तपासणी येते, स्कॅन येतो आणि ऑपरेशनही येतं. तुमच्या नवऱ्याचा तो एक स्कॅन कदाचित त्यातच मोजला गेला असेल. सरकारी हिशेबात ते काम झालं, पण तुमच्या घरात हर्निया होता तिथेच आहे. आणखी एक. ‘फुल फॅक्ट’ या तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थेने माहितीच्या अधिकारात जुने आकडे मिळवले, तेव्हा दिसलं की अपॉइंटमेंट आदल्या वर्षीही भराभर वाढतच होत्या. मग या सरकारमुळे वाढल्या त्या किती?

म्हणून अपॉइंटमेंट सोडा, अठरा आठवड्यांचं घड्याळ बघा. जीपीने रेफर केलं की ते सुरू होतं आणि खरे उपचार सुरू झाले की थांबतं. स्कॅनने थांबत नाही. यादीवर असलेल्या १०० पैकी ९२ रुग्णांचं घड्याळ अठरा आठवड्यांच्या आत असलं पाहिजे, असा नियम आहे, आणि तो शेवटचा पाळला गेला २०१५ च्या सुमारास. हे सरकार आलं तेव्हा प्रमाण ५९ टक्क्यांच्या आसपास होतं. २०२५ च्या शरद ऋतूत ते ६२ च्या जरा खाली होतं. प्रतीक्षा यादी सुमारे ७६ लाखांवरून ७४ लाखांवर आली. सरकारने ९२ टक्के गाठायला या संसदेची अखेर, म्हणजे २०२९, अशी मुदत घेतली आहे. दिशा बरोबर, वेग बैलगाडीचा. या वेगाने ९२ येत नाही. आज मी याला मोडलेलं वचन म्हणणार नाही, आणि पाळलेलंही नाही. मार्च २०२६ साठी त्यांनी स्वतःच ६५ टक्क्यांचा टप्पा ठरवलाय. तो गाठला का हे बघून मग मत बनवा.

आणि ज्या वचनाचा तुम्ही पत्रात उल्लेखच केला नाही, ते तुमच्या सर्वात जवळचं आहे. तुम्ही भाड्याने राहता. २०२२ मध्ये घर घेताना घरमालकाने किंवा एजंटाने सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं होतं का? नवीन आलेल्या बऱ्याच भारतीयांकडून मागायचे. इथली क्रेडिट हिस्ट्री नसते, जामीन राहायला इथे घर असलेला माणूस नसतो. १ मे २०२६ पासून एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ घेता येणार नाही. त्याच दिवसापासून सेक्शन २१ जातंय, म्हणजे कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देऊन घर खाली करून घेण्याचा मालकाचा अधिकार संपतोय. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्तीची बोली लावायला लावणं बंद. भाडेवाढ वर्षातून एकदाच, तीही ठरलेल्या पद्धतीने नोटीस देऊन. रेंटर्स राइट्स ॲक्ट २७ ऑक्टोबर २०२५ ला झाला.

जाहीरनाम्यात सेक्शन २१ ‘ताबडतोब’ रद्द करू असं होतं. ताबडतोबचे जवळजवळ बावीस महिने झाले. तेवढ्या काळात कित्येकांना नोटिसा मिळाल्या, हेही खरं. पण हेच आश्वासन कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २०१९ च्या जाहीरनाम्यात दिलं होतं आणि सत्ता सोडेपर्यंत कायदा झाला नव्हता. आगाऊ भाड्याला बंदी आल्यावर काही मालक जामीनदारावर अडून बसतील अशी भीती आहे, आणि नव्याने येणाऱ्याला तीच अडचण जास्त जड जाईल. ते पुढचं पुढे. तुमच्या डोक्यावर आत्ता छप्पर आहे, आणि १ मेनंतर ते काढून घेणं मालकाला पूर्वीइतकं सोपं राहणार नाही. तुमच्या एका मताने हे झालं असं नाही, पण तुम्ही ज्या बाजूला मत टाकलं त्या बाजूने हे केलं.

बाकीच्यांवर भराभर नजर टाकते. खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट १ जानेवारी २०२५ पासून लागला. परदेशातल्या कमाईवरचा कर टाळू देणारा नॉन-डॉम दर्जा गेला. रेल्वे कंपन्या एकेक करून सरकारकडे येतायत. मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे आली, मग सी-टू-सी, मग ग्रेटर अँग्लिया. (गाड्या वेळेवर येतात का, हा प्रश्न वेगळा.) ग्रेट ब्रिटिश एनर्जी ही सरकारी ऊर्जा कंपनी ॲबर्डीनमध्ये उभी राहिली. वीज-गॅसचं बिल २०३० पर्यंत ३०० पौंडांपर्यंत कमी करू म्हणाले होते. हे निवडून आले तेव्हा ऊर्जा नियामक ऑफजेमने ठरवलेली वार्षिक कमाल पातळी सर्वसाधारण घरासाठी १,५६८ पौंड होती, २०२५ च्या अखेरीस ती १,७५५ होती. मुदत बाकी आहे, पण तोवर तरी काटा उलटा फिरला होता. घरं पंधरा लाख बांधायची होती, म्हणजे वर्षाला तीन लाख. इंग्लंडमध्ये २०२४-२५ मध्ये दोन लाखांपेक्षा थोडीच जास्त भर पडली. त्यातल्या बहुतेकांना परवानगी आधीच्या राजवटीत मिळाली होती, त्यामुळे या वर्षाचं अपयश पूर्ण यांच्या माथी मारता येत नाही. मात्र पंधरा लाख होतील यावर माझा विश्वास नाही.

नोकरीतल्या हक्कांची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. पहिल्या दिवसापासून अन्यायकारक बडतर्फीविरुद्ध संरक्षण देऊ, असं वचन होतं. इथे रूढी अशी आहे की जाहीरनाम्यात असलेली गोष्ट संसदेचं वरिष्ठ सभागृह, हाउस ऑफ लॉर्ड्स, अडवत नाही. यावेळी लॉर्ड्सनी सहा महिन्यांची अट घालण्यासाठी पुन्हापुन्हा मतदान केलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली. १८ डिसेंबरला कायदा झाला. पूर्वी हे संरक्षण दोन वर्षांनी मिळायचं, आता सहा महिन्यांनी मिळेल, तेही जानेवारी २०२७ पासून. वचन मोडलं का? मोडलं. कामगाराचं भलं झालं का? झालं. तुमच्या वडिलांना विचारा, युनियनवाल्या माणसाला असा सौदा अनोळखी वाटणार नाही. मागणी शंभराची, पदरात साठ.

आणि जे कधी बोललेच नव्हते, त्याचाही एक हिशेब असतो. लोकांच्या मनातून हे सरकार उतरलं ते मला वाटतं मोडलेल्या वचनांपेक्षा यामुळे. सत्तेवर येऊन महिना व्हायच्या आत त्यांनी बहुतेक वृद्धांचा विंटर फ्युएल भत्ता काढून घेतला. दोनशे-तीनशे पौंड. जाहीरनाम्यात याचा मागमूस नव्हता. जून २०२५ मध्ये वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तो परत दिला. बचत बरीचशी गेली आणि बदनामी राहिली. दुसरीकडे, तिसऱ्या मुलाला भत्ता नाकारणारी २०१७ पासूनची मर्यादा उठवू असंही जाहीरनाम्यात नव्हतं. ती उठवा म्हणून जुलै २०२४ मध्ये पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सात खासदारांना पक्षाने निलंबित केलं. आणि मग नोव्हेंबर २०२५ मध्ये तीच मर्यादा एप्रिल २०२६ पासून काढून टाकायचं जाहीर केलं. त्या सातजणांना काय वाटलं असेल!

तुमच्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर असं: कायद्याने, एका सहीने होण्यासारखी वचनं या सरकारने बऱ्यापैकी पाळली आहेत, थोडी उशिरा, थोडी कापून. पैसा, माणसं आणि वेळ लागणारी वचनं रखडली आहेत. करांच्या बाबतीत शब्दांशी खेळ झाला. हे मजूर पक्षाचंच वैशिष्ट्य आहे असं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा देशांतल्या वीस हजारांहून जास्त निवडणूक-वचनांचा माग काढला होता. एका पक्षाचं सरकार असेल तर निम्म्याहून जास्त वचनं पुरी किंवा अंशतः पुरी होतात, असं त्यात दिसलं. ‘सगळे राजकारणी खोटारडे’ हे पानाच्या टपरीपासून पबपर्यंत चालणारं वाक्य आकड्यांत टिकत नाही. पण लोकांना घरातल्या बदलावरून सरकार कळतं, कायद्यांच्या यादीवरून नाही. आणि डाव्या बाजूच्या पक्षाकडून लोकांना नेमका घरातलाच बदल हवा असतो: दवाखाना, भाडं, बिल. म्हणून त्यांचं रखडणं जास्त डोळ्यावर येतं.

शिवाय पाया कच्चा आहे. २०२४ मध्ये त्यांना ४११ जागा मिळाल्या, मतं ३३.७ टक्के. सभागृहात बहुमत अवाढव्य, देशात तीनातला एक. अशा सरकारला जरा कुठे ओरड झाली की कापरं भरतं. जुलै २०२५ मध्ये अपंगांच्या भत्त्यातली कपात त्यांच्याच शंभरावर खासदारांनी बंडाचं निशाण उभारून हाणून पाडली, ती यामुळेच.

भावजींचं म्हणाल तर तुम्ही स्वतःच हा त्रास ओढवून घेतलाय. मत दिलंत, पक्षाचं वकीलपत्र कशाला घेतलंत? विंटर फ्युएलचं समर्थन तुम्ही का करायचं? ते ना तुमच्या फायद्याचं होतं, ना तुम्हाला विचारून केलेलं. पुढच्या वेळी टोमणा आला की त्यांना विचारा, ‘कशाबद्दल म्हणताय, भावजी?’ एवढंच. करांबद्दल म्हणाले तर सरळ मान्य करा. भाडेकरूंबद्दल निघालं तर २०१९ ची आठवण द्या. मोघम शिवीला मोघम बचाव केला की दोघांचाही आवाज चढतो आणि जाऊबाई उठून स्वयंपाकघरात जातात.

मे महिन्याचं मत हा निराळा विषय आहे आणि तो निराळाच ठेवा. ७ मे २०२६ ला लंडनच्या बत्तीसही बरोंची निवडणूक आहे. तुमची बरो आयएलआर ठरवत नाही, प्राप्तिकर ठरवत नाही. ती कचरा उचलते, काउन्सिल टॅक्स लावते, वृद्धांची देखभाल बघते, बांधकामांना परवानग्या देते. आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे नवा भाडेकरू कायदा मोडणाऱ्या मालकांवर कारवाई करणं हे तिचं काम आहे. कायदा वेस्टमिन्स्टरमध्ये झाला, तो दारापर्यंत पोचवणार काउन्सिल. दारावर प्रचाराला येईल त्याला, कुठल्याही पक्षाचा असो, विचारा: खासगी भाड्याच्या घरांची तपासणी करायला आपल्याकडे किती अधिकारी आहेत? उत्तर देता आलं तर पुढचं ऐका. आणि पंतप्रधान स्टार्मरना धडा शिकवायचा म्हणून चांगल्या नगरसेवकाला पाडावं, हा मला तरी दुसऱ्याचा राग तिसऱ्यावर काढण्यातला प्रकार वाटतो. नगरसेवकच निकम्मा असेल तर खुशाल पाडा.

यापलीकडे दोन कामं आहेत, आणि ती या महिन्यात करा.

नवऱ्याला अठरा आठवडे उलटून गेलेत. उपचार अठरा आठवड्यांत सुरू व्हावेत हा एनएचएसच्या सनदेतला हक्क आहे, आणि ते झालं नाही तर लवकर घेऊ शकेल असं दुसरं रुग्णालय मागता येतं. दुसरं रुग्णालय खासगी असलं तरी एनएचएसतर्फे फुकट असू शकतं. आधी रुग्णालयाच्या बुकिंग विभागाला फोन करून रेफरलची तारीख आणि सध्या कुठे अडलंय ते विचारा. बऱ्याचदा स्कॅनचा रिपोर्ट सर्जनच्या यादीत गेलेलाच नसतो. तिथे दाद लागली नाही तर तुमच्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाला (एनएचएसच्या स्थानिक मंडळाला) लेखी कळवा. हर्निया अचानक कडक झाला, दुखायला लागलं किंवा उलट्या झाल्या तर मात्र यादी-बिदी विसरून थेट ए अँड ई, म्हणजे रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, गाठा.

दुसरं, आयएलआरचा आराखडा प्रस्ताव म्हणून मांडला होता. गृहखात्याने त्यावर १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत लोकांची मतं मागवली होती, आणि आधीच आलेल्यांसाठी सवलतीची व्यवस्था असावी का, हा त्यातलाच एक प्रश्न होता. ती मुदत उलटली नसेल तर तिथे उत्तर भरा. दहा वर्षांतून काही वर्षं कमी होण्याचे मार्गही प्रस्तावात आहेत. करपात्र उत्पन्न सलग तीन वर्षं ५०,२७० पौंड असेल तर पाच वर्षं कमी, असं म्हटलंय. हो, तोच गोठवलेला आकडा. करासाठी तो ओलांडणं त्रासाचं, व्हिसासाठी फायद्याचं. तुमचे पी-६० (वर्षभराच्या पगाराचे आणि कराचे दाखले) काढून बघा. नियम शेवटी काय ठरतील ते ठरेपर्यंत कुठल्याही एजंटाला पैसे देऊ नका. नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागार किंवा सॉलिसिटरकडेच जा. आणि खासदाराला लिहा. तुमच्याकडे इथलं नागरिकत्व नसलं तरी त्या मतदारसंघात राहता म्हणून तो तुमचाही खासदार आहे, आणि तुम्ही तर मतदारसुद्धा आहात. पत्र एका पानाचं ठेवा: कधी आलात, काय काम करता, पाच वर्षं कोणत्या महिन्यात पुरी होतात, आधीच आलेल्यांना जुना नियम लागू ठेवावा ही मागणी. ऑनलाइन फिरणारा तयार मजकूर चिकटवू नका, त्याला तयारच उत्तर येतं. पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड मात्र विसरू नका. तो नसेल तर तुम्ही त्यांच्या मतदारसंघातल्या आहात हे कळत नाही आणि पत्र बाजूला पडतं.

— ताई